तुटलेल्या घरावर सिनेमा करायचाय? बेळगाव भागातल्या मंडळींसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या बाजूला शॉर्टफिल्म करणारी पोरंपोरी आता गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली गोष्ट घरातलीच असते. बाबा आणि काका बोलत नाहीत, आत्या माहेरचा उंबरा चढत नाही, थोरला भाऊ गोव्याला गेला तो परत फिरकलाच नाही, आणि ह्याच्यावर सिनेमा करायचाय. मी अशाच सिनेमांवर काम करते, लिहिण्यापासून एडिटिंगपर्यंत, आणि माझा पहिला सिनेमाही आमच्याच घरावर होता, खानापूर तालुक्यातल्या गावच्या घरावर, ज्याच्या मधोमध भिंत घातलीय. तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

घरातलं भांडण असं चारचौघांत मांडावं का?

मांडावं. आमच्याकडे घरातली गोष्ट घरातच राहू दे असं म्हणत म्हणत दोन-दोन पिढ्या एकमेकांच्या मयताला पण जात नाहीत, त्यापेक्षा कुणीतरी बसून ते नीट मांडलेलं बरं. पण माझी एक अट आहे आणि ती मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त राग आहे त्याला सिनेमातला सगळ्यात चांगला सीन द्यायचा. म्हणजे त्याची बाजू अशी लिहायची की त्यानं स्वतः वाचली तर म्हणेल, व्हय, हेच मला सांगायचं होतं. हे जमत नसेल तर अजून लिहू नका, थोडं थांबा.

एका मुलानं स्क्रिप्ट आणली होती, त्यात काका म्हणजे सगळ्या गावाचा खलनायक, शेत हडपणारा, म्हातारीला बघत नाही वगैरे. मी त्याला एवढंच विचारलं की आजी शेवटची वर्षं कुणाकडं होती, तिचं अंथरूण-पांघरूण कोण करायचं. काकू करायची. बाबा पुण्याला होते, पैसे पाठवायचे, दिवाळीला यायचे. आणि काकूला स्क्रिप्टमध्ये एकही वाक्य नव्हतं! तो गप्प बसला आणि मग दोन महिन्यांनी जी स्क्रिप्ट आली ती काकूच्या नजरेतनं होती, आजीला कूस बदलायला लावताना तिच्या हातातल्या बांगड्या वर दंडाला सरकवून ठेवलेल्या, म्हातारीच्या पाठीला टोचू नयेत म्हणून. हे त्यानं लहानपणी बघितलं होतं पण लिहायचं सुचलं नव्हतं.

डॉक्युमेंटरी करू की गोष्ट लिहून करू?

माणसं बोलायला तयार असतील तर डॉक्युमेंटरी, नसतील तर गोष्ट. लपून आवाज रेकॉर्ड करून, फोनवरचं बोलणं टेप करून डॉक्युमेंटरी करायचा विचार असेल तर मी त्यात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका.

सुरुवात कुठून करायची? भांडण तर वीस वर्षं चाललंय.

भांडणाच्या सुरुवातीपासून करू नका, कारण ती कुणालाच धड आठवत नाही आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते. एखादी अशी वस्तू शोधा की जिच्यात सगळं भांडण आपोआप येतं.

लग्नपत्रिका घ्या. आमच्या भागात पत्रिकेत आपले नम्र म्हणून खाली जी नावांची रांग असते ती वाचली की घराचा सगळा नकाशा कळतो, कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कै. कुणाला लागलंय, आणि कोण गाळलंय. छापखान्यात प्रूफ बघायला बसलेला बाप आणि त्याला पोरगी विचारते, काकांचं नाव राहिलं काय. तो चष्मा काढतो, पुसतो, परत घालतो, आणि प्रूफवर सही करतो. पाच मिनिटांची फिल्म झाली. छापखानेवाल्याला सगळं माहीत असतं बरं का, त्यानंच दोन्ही घरच्या पत्रिका छापलेल्या असतात, त्याला पण एक वाक्य द्या.

अजून असल्या जागा: गणपती कुणाच्या हिश्शात बसवायचा, विहिरीची मोटर कुणाच्या मीटरवर, तेराव्याला जेवणाच्या पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, माहेरची साडी कुरिअरनं पाठवणं. उताऱ्यावर नाव चढवायला तलाठी ऑफिसात सगळे भाऊ एकाच बाकड्यावर बसलेत आणि एकही जण बोलत नाही, हे तर मी स्वतः बघितलंय.

बहिणीचा हिस्सा आणि हक्कसोड हा विषय घ्यावा का?

घ्यावाच, आणि माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात मोठा न सांगितलेला विषय हाच आहे. भाऊ-भाऊ भांडतात ते सगळ्यांना दिसतं, बहीण मात्र सही करून निघून जाते आणि तिचं येणं हळूहळू बंद होतं, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण लिहायच्या आधी कायदा नीट माहीत करून घ्या, कारण स्क्रिप्टमध्ये इथंच घोळ होतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झाली. कर्नाटकात त्याच्या आधीच, १९९४ साली, राज्यानं अशी दुरुस्ती केली होती, पण त्यात आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर ठेवल्या होत्या. म्हणजे एकाच घरात धाकट्या बहिणीला हक्क आणि थोरलीला नाही अशी परिस्थिती होती! ह्याच्यावर एक सिनेमा कुणीतरी करा खरंच. २००५ च्या कायद्यानं लग्न झालेल्या मुली पण आत आल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ साली वडील हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर रजिस्टर होऊन झालेली वाटणी त्यानं मोडत नाही.

हे सगळं सिनेमात भाषण म्हणून घालायचं नाही. तारीख फक्त तुम्हाला माहीत पाहिजे, म्हणजे पात्र काय बोलेल ते बरोबर येतं. आत्या १९९२ ला लग्न होऊन गेली का १९९८ ला, त्यावर भाऊ तिच्याशी किती गोड बोलतो ते ठरतं. सब-रजिस्ट्रार ऑफिसात अंगठ्याला शाई लावून झाल्यावर ती पुसायला तिला कोण रुमाल देतं, का कुणीच देत नाही, एवढं दाखवलं तरी प्रेक्षकाला पुरतं, बायका तर लगेच ओळखतात.

काका बोलतच नाहीत, त्यांची परवानगी कशी घ्यायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न.

पहिलं, स्वतः जा. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकू नका, घरच्या ग्रुपवर तर अजिबात नको. आणि वडिलांना सांगून जा, चोरून नाही, नाहीतर तुम्ही त्यांच्या बाजूला गेलात असं होऊन बसतं आणि मग एका भांडणाची दोन होतात.

दुसरं, मध्ये कुणीतरी लागतं. आपल्याकडं प्रत्येक तुटलेल्या घरात एक माणूस दोन्हीकडं जाऊन येऊन असतो, बहुतेक वेळा आत्या, कधी शेजारची म्हातारी, कधी देवळातले गुरव. त्या माणसाला धरा. पण त्याला वकिली करायला लावू नका, फक्त पोरगं येणार आहे एवढं त्यांच्या कानावर घालायचं.

तिसरं, स्क्रिप्ट वाचून दाखवा, देऊन येऊ नका. कागद हातात दिला की तो घरात चार जण वाचतात, जावई वाचतो, आणि मग वाक्यावाक्यावर केस उभी राहते. समोर बसून तुमच्या तोंडानं ऐकलं की माणूस मध्येच म्हणतो, असं नव्हतं रे, त्या दिवशी पाऊस होता, तुझा बाप बैलगाडी घेऊन आलाच नाही. ते ऐका, लिहून घ्या. तिथं खरी गोष्ट मिळते. माझ्या सिनेमातला मधला सगळा भाग असाच काकांच्या ओसरीवर बसून मिळाला, ते बोलत होते आणि काकी आतनं दुरुस्त्या सांगत होती.

आणि नाही म्हटले तर नाही. मग नाव, गाव, धंदा बदलून चालत नाही, गावातले बरोबर ओळखतात, तंबाखूच्या वखारीच्या जागी तुम्ही गुऱ्हाळ केलंत म्हणून काही लपत नाही. त्या माणसाचा जो प्रसंग फक्त त्याचाच आहे, त्याचा आजार, त्याचं कर्ज, त्याच्या लेकीचं मोडलेलं लग्न, तो काढून टाकायचा. बाकी गोष्ट तुमचीही आहे, तेवढी तुम्ही सांगू शकता.

कागदोपत्री काय लागतं?

कॅमेऱ्यासमोर दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती, घरचा असला तरी. घर ज्यांच्या ज्यांच्या नावावर आहे त्या सगळ्यांची शूटिंगला संमती, एका भावाची सही घेऊन शूटिंग चालू केलं आणि दुसऱ्यानं येऊन थांबवलं असं होतं. दोन ओळींचा कागद मराठीत, आणि ज्यांना कन्नड वाचायला सोपं जातं त्यांना कन्नडमध्ये. समजलेलं असलं पाहिजे.

बदनामीचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ एकदा वाचा. मेलेल्या माणसाबद्दल बोललं की काही होत नाही असं पुष्कळांना वाटतं, तसं नाहीये, मयत माणसाच्या नावाला बट्टा लागेल आणि त्याच्या घरच्यांना दुखवायचा हेतू असेल तर तीही बदनामी धरली जाऊ शकते. आणि वाटणीची केस कोर्टात चालू असेल तर वकिलांना स्क्रिप्ट दाखवल्याशिवाय कॅमेरा काढूच नका, तुमच्याच सिनेमातलं वाक्य उद्या समोरची पार्टी वापरेल.

खऱ्या घरात शूटिंग करावं की दुसरं घर घ्यावं?

शक्यतो खऱ्या घरात, पण ज्या खोलीत खरोखर काही वाईट घडलंय ती सोडून. त्या खोलीसाठी दुसऱ्याचं घर घ्या. घरच्या माणसांना तिथं परत परत टेक द्यायला लावणं बरं नाही, आणि कॅमेऱ्याला त्यातलं काही कळत नाही, त्याला सगळ्या भिंती सारख्याच.

आपल्या भागातली जुनी घरं शूटिंगला फार देखणी. सोपा, माजघर, मागं परसू, मधे चौक असला तर नशीबच. खानापूर-जांबोटी बाजूच्या कौलारू घरात काचेचं कौल असतं ना, त्यातनं उन्हाचा एक पट्टा आत येतो आणि सकाळपासून दुपारपर्यंत तो सरकत सरकत जातो, आधी भिंतीवर, मग कणगीवर, मग जमिनीवर. एक दिवस आधी नुसतं बसून त्याची वेळ लिहून काढा. मी त्याच्यावरच सीनचा क्रम लावते, साडेनऊला पट्टा देवघराच्या दाराशी असतो तर आजीचा सीन साडेनऊला, दुसरी लाईट लावायचीच नाही, समोर एक पांढरा पंचा धरला की चेहऱ्यावर उजेड उचलून येतो. फक्त ढग आले की सगळे थांबा, नाहीतर अर्धा सीन उन्हात आणि अर्धा सावलीत, एडिटला रडायची पाळी.

पावसाळ्यात खानापूरला आवाजासकट शूटिंग करायचं म्हणजे अवघडच, कणकुंबीच्या बाजूला तर पाऊस दिवसच्या दिवस उसंत देत नाही आणि कौलांवर तो असा वाजतो की शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. पण गोष्टच पावसाची असेल तर पावसातच करा आणि डायलॉग कमी ठेवा, भांडलेली माणसं एवीतेवी जास्त बोलत नाहीतच.

शहरात टिळकवाडीला घर असेल तर रेल्वेचं टाइमटेबल जवळ ठेवा, सांबऱ्याच्या बाजूला असेल तर विमानांचं. आणि कॅम्प भागात, मिलिटरीच्या आसपास, परवानगीशिवाय कॅमेरा काढायचाच नाही.

घरच्यांनाच अ‍ॅक्टिंग करायला लावू का?

लहान कामं द्या. मुख्य भांडणारी पात्रं मात्र नाटकातल्या माणसांना द्या. बापाला स्वतःचाच रोल देऊन स्वतःच्याच भावाशी भांडायला लावणं मला पटत नाही, टेक संपला तरी त्याचं संपत नाही, रात्री जेवत नाही तो. ज्यांच्यात वर्षानुवर्षं दुरावा आहे, बाप दिग्दर्शक आणि लेक नटी, किंवा उलटं, तिथं तर फार जपून. सूचना देणारा माणूस आणि लहानपणी सोडून गेलेला माणूस एकच असला की 'जरा अजून दुःख दाखव' हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागत असेल बघा. अशा वेळी सेटवर तिसऱ्या माणसाला मध्ये ठेवा, असिस्टंटनं सूचना द्यायच्या, बापानं मॉनिटरजवळ बसायचं.

आणि नट शोधायला लांब जायला नको. अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, ज्यांनी १८८० ला मराठी संगीत नाटक उभं केलं. कुमार गंधर्व सुळेभावीचे, घरात कन्नड आणि गाणं सगळ्यांचं. पु. ल. देशपांडे बेळगावात कॉलेजात शिकवायला होते. एकांकिका करणारी मंडळी प्रत्येक पेठेत आहेत, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तालमी करतात. नाटकवाल्यांचा आवाज कॅमेऱ्याला मोठा पडतो हे खरं आहे, म्हणून पहिले दोन दिवस मी त्यांना फक्त घरात राहायला लावते, भाजी निवडा, पाणी भरा, झोपाळ्यावर बसा, आवाज आपोआप खाली येतो.

लहान मुलं असतील तर नियम आहेत आणि ते पाळायचे: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, शाळा बुडवायची नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावावर फिक्स डिपॉझिटमध्ये ठेवायचा असतो. ह्याहून महत्त्वाचं माझ्या दृष्टीनं हे की भांडणाच्या सीनला मुलाला खोलीतच ठेवू नका, त्याचा चेहरा वेगळा शूट करा, वेगळं काहीतरी सांगून. त्याला हे खोटं आहे ते कळतं असं मोठ्यांना वाटतं, पण घरात तेच भांडण खरं चालू असलं तर त्याला कसं कळणार?

भाषा कुठली? पुण्याची मराठी वापरू का?

अजिबात नको. आपल्या घरात जसं बोलतात तसं. "काय करूलास?" "येऊलोय की, थांब की जरा." काका दारात आलेल्या माणसाला कन्नडमध्ये "ऊट आतेन री?" (जेवण झालं का?) विचारतात आणि लगेच वळून काकीला मराठीत चहा टाक म्हणतात, तसंच ठेवा. खाली सबटायटल द्या, सांगली-सोलापूरच्या पुढच्या माणसाला लागतात आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. फक्त बोली विनोदासाठी वापरू नका, गंभीर सीन प्रमाण भाषेत आणि हसवायचा सीन बेळगावी बोलीत असं केलं की आपणच आपल्या माणसांना खाली बसवतो.

सीमाप्रश्न आणायचा का?

तुमच्या घरात असेल तर आणा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्राचा ८६५ गावांवरचा दावा आणि सुप्रीम कोर्टातला २००४ चा खटला, हे सगळं आपल्याला पाठ असतं, प्रेक्षकालाही असतं. त्याची उजळणी नको. घरात ते कसं आलं ते दाखवा. एक भाऊ दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारा, दुसरा राज्य सरकारच्या नोकरीत, त्याची पोरं कन्नड शाळेत, आणि दोघांच्या आईला दोघांकडं जेवायला जायचंय. अशी घरं खूप आहेत. पण मी लिहिणाऱ्याला नेहमी विचारते की भांडण खरंच ह्यानं झालं का, कारण बऱ्याच ठिकाणी आत शिरलं की खालून शेताचा बांध निघतो नाहीतर आईचं आजारपण, आणि सीमाप्रश्न त्याच्यावर नंतर चढलेला असतो. दोन्ही असेल तर दोन्ही दाखवा. आणि दोन्ही भाषांच्या माणसांना माणूस म्हणून लिहा.

व्यवहाराचं सांगायचं तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात, अधिवेशन असतं तेव्हा, साधारण डिसेंबरात, शहरात पोलीस बंदोबस्त असतो, त्या दिवसांत रस्त्यावरचं शूटिंग ठेवू नका.

मोबाईलवर होईल का?

होतं. चित्रापेक्षा आवाजाला पैसे घाला. एक बरा कॉलर माईक घ्या, शूटिंगच्या वेळी फ्रिज आणि पंखा बंद, आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटला वाक्यं जोडताना तोच लागतो. ट्यूबलाईटमध्ये चित्र फडफडत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून.

ड्रोनशिवाय गाव दाखवताच येत नाही असं काही नाही. पण उडवायचाच असेल तर २५० ग्रॅमच्या आतला सोपा पडतो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. तरी आधी डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन-वेबसाइटवर नकाशा बघा, सांबरा विमानतळ जवळ आहे.

जुने फोटो आणि लग्नाची कॅसेट वापरता येईल का?

घरच्यांनी पैसे देऊन स्टुडिओकडनं काढून घेतलेल्या फोटोवर वेगळा करार नसेल तर हक्क सहसा काढून घेणाऱ्याचाच असतो. पण फोटोत असलेल्या जिवंत माणसांना विचारा. कॅसेटमधलं गाणं मात्र वापरू नका, लग्नाच्या व्हिडिओवर शूटिंगवाल्यानं सिनेमाचं गाणं चिकटवलेलं असतं आणि त्याचे हक्क कंपनीकडं आहेत, यूट्यूबवर टाकल्या टाकल्या अडकतं. आवाज बंद करून नुसतं चित्र ठेवा. आमच्या घरच्या कॅसेटमध्ये बाबा काकांच्या कपाळाला बाशिंग बांधतायत, गाठ सुटतेय म्हणून दातांनी ओढून घट्ट करतायत, ते मी तसंच बिनआवाजाचं ठेवलंय. व्हीएचएस कॅसेटी आता खराब व्हायला लागल्यात, बुरशी धरते, आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकर, तेव्हा सिनेमा करा न करा ती आधी डिजिटल करून घ्या.

इथं बसून सिनेमा होतो का, का पुण्या-मुंबईला गेलं पाहिजे?

कोल्हापूर आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि तिथं बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवून सिनेमे काढले. त्या कॅमेऱ्यावर त्यांच्याबरोबर खपलेले नात्यातले भाऊ आनंदराव तो पुरा व्हायच्या आधीच गेले. पुढं बाबूरावांच्याच तालमीत तयार झालेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ ला ती पुण्याला गेली, आणि १९४२ ला शांताराम प्रभातमधूनही निघाले. सिनेमा करणारी माणसं पण घरासारखीच एकत्र राहतात आणि घरासारखीच फुटतात, हा विषय सुद्धा कुणीतरी आपल्या भागातनं घ्यावा असं मला फार वाटतं.

सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं का?

यूट्यूबवर टाकायला नाही. थिएटरात किंवा हॉलमध्ये जाहीर दाखवायचा असेल तर लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या गटात, ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे झालेत.

आधी कुणाला दाखवायचा?

ज्याला सगळ्यात जास्त लागणार आहे त्याला, एकट्याला, त्याच्या घरी, लॅपटॉपवर, आणि तेही एडिट पूर्ण व्हायच्या आधी, म्हणजे बदल करायला जागा असते. सगळ्या भाऊबंदांना एकदम हॉलमध्ये बोलावून पडद्यावर दाखवायची हौस बऱ्याच जणांना असते, दोन्ही घरं एकत्र येतील, रडतील, मिठ्या मारतील असं डोक्यात असतं. करू नका. चारचौघांत माणूस सिनेमा बघत नाही, आपल्याकडं कोण बघतंय ते बघत बसतो.

तो म्हणाला हा सीन काढ, तर विचारा का. चुकीचं आहे म्हणून की खरं आहे म्हणून. चुकीचं असेल तर लगेच काढा. खरं असेल तर बसून बोला, दोनदा-तीनदा जा, बहुतेक वेळा सगळा सीन नको नसतो, एखादं वाक्य नको असतं. माझ्या काकांनी कर्जाची रक्कम तेवढी काढायला सांगितली, बाकी सगळं राहू दे म्हणाले.

शूटिंग चालू असतानाच परत भांडण झालं तर?

कॅमेरा बंद. हे रेकॉर्ड करू नका, कितीही भारी सीन मिळत असला तरी. युनिटला चहाला बाहेर काढा.

सिनेमानं नाती परत जुळतात का?

माझ्या घरात बाबा आणि काका आता बोलतात, पण कामापुरतं, पाण्याच्या मोटरचं, पट्टी भरायचं. भिंत आहे तशीच आहे. दुसऱ्या एका घरात सिनेमा झाल्यावर दुरावा उलट वाढला, कारण बहिणीनं पहिल्यांदाच भावाची बाजू ऐकली आणि तिला ती पटली नाही, आणि तेही तिचं बरोबर होतं. म्हणून जुळवण्यासाठी म्हणून सिनेमा करू नका. ज्याला माफी मागायचीय त्यानं जाऊन तोंडानं मागावी, नटाच्या तोंडून नको, समोरच्याला ते कळतं आणि त्याचा राग येतो. स्क्रिप्टचा शेवट मिठीनं करायचा मोह सगळ्यांना होतो, खऱ्यात झाली नसेल तर पडद्यावर पण करू नका, तुमच्या घरचे लोक हॉलमध्ये बसलेले असतात.

शूटिंगचं सगळं मटेरियल नंतर ठेवायचं कुठं?

तीन कॉपी, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन, आणि त्यातली एक डिस्क तरी तुमच्या घराबाहेर. न वापरलेल्या मुलाखती खोडू नका. ज्याची मुलाखत त्याच्या घरी त्याची कॉपी द्या, पेनड्राइव्हवर, आणि वर मार्करनं नाव आणि तारीख घाला. मागितल्याशिवाय दुसऱ्या घरी ती दाखवायची नाही, हे आधीच ठरवून संमतीच्या कागदात लिहून टाका.